धुराचं तापमान

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. भांडणं फार नसायची, पण बाहेरून जाणाऱ्याला वाटावं की आत कुणीतरी कुणाच्या जिवावर उठलंय. कारण साधं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, साखर कारखान्याच्या बॉयलरवर फायरमन होते, आणि त्या आवाजात पंधराएक हंगाम काढल्यावर त्यांचे कान निम्मे गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणून आवाज चढवायचा, आणि ते ड्यूटीवर गेले तरी तो खाली उतरायचा नाही. "कालवणात मीठ टाकलं का गं" असं आई माझ्या बहिणीला विचारायची, तेव्हा शेजारच्या खोलीतली बाई आतूनच "टाकलंय, टाकलंय" म्हणून सांगायची. पुढे मी बारामतीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेलो तेव्हा होस्टेलवरच्या पोरांनी पहिले आठ दिवस मला टाळलंच. हा सारखा चिडलेला असतो, असं त्यांचं मत झालं होतं. वर्गात शिकवताना मला आजही माइक लागत नाही. वारशात तेवढी एक गोष्ट फुकट मिळाली.

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. ती विकून विहीर पाडली आणि आप्पा कारखान्यात रोजंदारीवर लागले. आधी बगॅस ओढायला, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा भुसा भट्टीकडं न्यायला, मग भट्टीच्या तोंडाशी, आणि मग बॉयलरची सरकारी परीक्षा देऊन फायरमन. ते सर्टिफिकेट काच लावून देवांच्या शेजारी टांगलेलं होतं. आई उदबत्ती ओवाळताना त्यालाही एक फेरी मारायची. कारखान्याच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या आणि हंगाम सुरू झाला की त्या खोल्यांवर चिमणीतली काजळी बारीक बारीक पडत राहायची. दोरीवरच्या धोतरावर, वाळत घातलेल्या डाळीवर, पाण्याच्या हंड्यात. वारा फिरला की चाळीतल्या सगळ्या बायका एकदम कपडे काढायला धावायच्या. भोंगा झाला की पाळी बदलायची, आणि अर्ध्या तासानं आप्पा दारात यायचे. त्यांना जेवायचासुद्धा कंटाळा असायचा. बाजरीची भाकरी हुलग्याच्या माडग्यात कुस्करून कशीतरी पोटात ढकलायची आणि घोंगडं अंगावर ओढून पडायचं. दिवसभर आगीपुढं उभा राहणारा माणूस घोंगडं कशाला घेतो, हे मला कळायचं नाही. आता कळतं. दमलेल्या माणसाला थंडी वाजते.

मी स्वतः आता तसाच दमलोय, आणि तेही भट्टीपुढं जन्म न काढता. निवृत्तीला थोडे महिने उरलेत. टेबलावर फायलींची चळत आहे, त्यात आमच्या कॉलेजात शिकवणं किती सुधारलं याचे तक्ते आहेत, आणि ते मीच भरायचे आहेत, कारण अध्यापन सुधारणेच्या समितीचा अध्यक्ष मीच. माझं संशोधन मात्र सगळं धुरावर झालं. चिमणीतून जाणारा धूर आपल्याबरोबर किती उष्णता घेऊन जातो, आणि त्या उष्णतेवर ओला बगॅस वाळवता येईल का, एवढ्या एका प्रश्नावर मी तीस वर्षं काढली. लोक विचारतात, सर, या विषयाकडं कसे वळलात? मी काहीतरी चार वाक्यं सांगतो. खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. ते तिसऱ्या वर्षाच्या जर्नलमध्ये आहे.

जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. प्रयोग करायचा, आकडे टिपायचे, गणित मांडायचं, सरांची सही घ्यायची, आणि वर्षाच्या शेवटी ती वही घेऊन ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसायचं. ही झाली पुस्तकातली रीत. आमची रीत अशी की वरच्या वर्गातल्या पोराचं जर्नल मिळवायचं आणि दोन दिवस मान मोडून उतरवायचं. त्यानंही त्याच्या वरच्याचं उतरवलेलं असायचं. चांगल्या अक्षराच्या जर्नलला मागणी असायची आणि ते देणारा चहा प्यायल्याशिवाय द्यायचा नाही. यात आपण काही वावगं करतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही, कारण तेव्हा ज्या ज्या कॉलेजातले मित्र भेटले, त्यांच्याकडंही हेच चालायचं. आमच्या प्रयोगशाळेत एक छोटा उभा बॉयलर होता, रंग लावलेला, पितळी काटे लखलखीत. तो पेटलेला मी कधी पाहिला नाही. तो पेटवायला सर्टिफिकेटवाला माणूस लागतो, आणि तसा माणूस कॉलेजकडं नव्हता. तरीही त्या बॉयलरच्या चाचणीचा प्रयोग आमच्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये होता. लाकडातून किती उष्णता आली, वाफेत किती गेली, धुरातून किती गेली, असा ताळेबंद मांडायचा. त्यात शेवटची ओळ असायची 'हिशेबात न आलेली उष्णता'. वरचं सगळं वजा करून जे उरेल ते तिथं लिहायचं. त्यामुळे वर काहीही चुकलं तरी ताळेबंद जुळायचाच.

हंगाम ऐन भरात होता आणि मी शनिवारी घरी आलो होतो. जर्नल उघडं ठेवून आकृत्यांना पेन्सिल फिरवत बसलो होतो. आप्पा पाळीवरून आले, चूळ भरली, आणि माझ्यामागं येऊन उभे राहिले. ते सातवीपर्यंत शिकलेले. पण कारखान्याचा लॉगशीट, म्हणजे दर अर्ध्या तासाला काट्यांचे आकडे टिपायचा कागद, इंग्रजीत छापलेला असायचा. त्यामुळे स्टीम, प्रेशर, टेंपरेचर हे शब्द त्यांना देवनागरीपेक्षा पटकन ओळखू यायचे. त्यांनी वाकून बोट ठेवलं.

"ह्यो काय आकडा हाय?"

"धुराचं तापमान, आप्पा. चिमनीतलं."

"नव्वद?"

"व्हय."

"आन वाफंचा दाब किती किलो?"

"सात."

ते जरा थांबले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा ओरडलो. त्यांनी हातानं गप केलं. "आयकलंय. सात किलोवर वाफ एकशेसत्तरच्या घरात जाती. मंग धूर नव्वद कसा? ज्या आगीनं पानी उकळलं तिचा धूर वाफंपरास गार? भाकरीपरास तवा गार असतुय का कंदी?"

मी वहीकडं बघत राहिलो. तीन वर्षं मी उष्णता शिकत होतो. गरमाकडून गाराकडं उष्णता जाते, हे पहिल्या पानावरचं वाक्य मला इंग्रजीतून तोंडपाठ होतं. आणि तो आकडा मी माझ्या हातानं, वळणदार अक्षरात उतरवला होता.

"अडीचशे-तीनशेच्या खाली यायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "नव्वद असता तर चिमनीला आतनं घाम सुटला असता. कुनी बगितलं ह्ये?"

"समद्यांच्या जर्नलमदी त्येच हाय."

"मी इचारलं, बगितलं कुनी?"

बघितलं कुणीच नव्हतं. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "त्येला दोन घास तरी खाऊ द्या, मंग परीक्षा घ्या." आप्पांनी पुढं काही विचारलं नाही. जेवून पडताना एवढंच म्हणाले की उद्या दुपारच्या पाळीला माझ्याबरोबर ये.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, साहेबांना विचारून त्यांनी मला बॉयलरवर नेलं. लहानपणापासून मी डबा घेऊन फाटकापर्यंत जायचो, पण आत पाळीभर थांबायची ती पहिलीच वेळ. आवाज कानात न जाता छातीत जायचा. पायाखालची लोखंडी जाळी सारखी थरथरत होती. आप्पा चप्पल काढून तिच्यावर उभे राहायचे, कारण कानाचं काम ते तळपायांनी करायचे. पंखा जड झाला, फिडरमध्ये भुसा अडला, सगळं त्यांना पायातून समजायचं. त्यांनी मला लॉगशीटची पाटी आणि पेन्सिल दिली. दर अर्ध्या तासाला जिना चढायचा, पाण्याच्या काचेची पातळी, वाफेचा दाब आणि धुराचं तापमान बघायचं, खाली यायचं, लिहायचं. बस, एवढंच. पहिल्या तासाला मला वाटलं, यात काय आहे! तिसऱ्या तासाला शर्ट पाठीला चिकटून वाळला होता, डोळ्यांत भुशाची कणी, आणि पोटऱ्या भरून आलेल्या. साडेतीनचं रीडिंग घ्यायची वेळ झाली तेव्हा मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर टेकलो होतो. तीनचे आकडे समोरच होते. अर्ध्या तासात काय मोठा फरक पडणार आहे? मी तीनच्या ओळीतलं साडेतीनच्या ओळीत उतरवलं. हात सरावलेलाच होता.

आठला पाळी बदलली. पाळी बदलायची तिथं एक पद्धत होती, तिला चार्ज देणं म्हणत. जाणाऱ्यानं येणाऱ्याला काट्यांपाशी न्यायचं, आणि आपल्या पाळीत काय बिघडलं, काय बघायचं राहिलं, ते आपल्या तोंडानं सांगायचं. येणारा आपण होऊन विचारत नसे. त्यानं नुसतं उभं राहायचं आणि वाट बघायची. सांगून झालं की दोघांनी सह्या करायच्या, मगच जाणारा घरी जायला मोकळा. आप्पांच्या जागी तात्या यायचे, लाल फेट्याचे, सांगवीकडचे. आप्पांनी लॉगशीट वरून खाली बोटानं वाचत आणला आणि बोट एका ओळीवर थांबलं.

"साडेतीनला वला भुसा आलता," ते मला म्हणाले. "काटा खाली पडला हुता. माज्या पायाला कळलं. आन हितं दाब जसाच्या तसा?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते पद्धतीप्रमाणे नुसते उभे होते. मी म्हणालो, "बगितलं न्हाय मी. वरचंच लिवलं." त्या गोंगाटातही ते दोघांना ऐकू गेलं असावं, कारण मला पुन्हा सांगावं लागलं नाही. आप्पांनी त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी आपली सही केली आणि पाटी तात्यांच्या हातात दिली.

घरी येताना रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या लागलेल्या होत्या, आणि त्यांच्या कडेनं चालता चालता आप्पा बोलले. एरवी पाळीनंतर ते बोलत नसत. "ऱ्हायलं तर ऱ्हायलं. मानूस हाय, बसतंय कंदी खाली. मंग त्यो रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा दिसला की फुडचा मानूस सोता जाऊन बगतुय. भरल्याला दिसला की बगत न्हाय." मग डाव्या हाताची बाही वर करून त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंतचा तो गुळगुळीत, केस नसलेला पट्टा मला दाखवला. मी तो जन्मापासून बघत आलो होतो. लहानपणी भाजलं असेल असं धरून चाललो होतो. "ह्यो बी एक भरल्याला रकाना हुता. लांबच्या कारखान्यात. तवा तू पोटात हुतास," एवढं सांगून त्यांनी बाही खाली केली. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आईनंही सांगितलं नाही.

सोमवारी मी जर्नल घेऊन काळोखे सरांकडं गेलो. सर आमच्याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे. शिकून तिथंच शिकवायला लागलेले, तरुण, अंगानं बारीक, सदा घाईत. पोरांना नावानं हाक मारणारे ते एकटेच होते. माझा ओरडा ऐकून इतर प्राध्यापक कपाळाला आठ्या घालायचे, पण सर म्हणायचे, "बिरू, बोल बोल, मागच्या बाकालाही ऐकू जातंय." मी त्यांना नव्वदचा आकडा दाखवला आणि तव्याची गोष्ट सांगितली. सर हसतील असं मला वाटलं होतं. ते उठले, दार लोटून आले आणि स्टीलच्या कपाटातून एक जुनं जर्नल काढून माझ्यापुढं ठेवलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

"बॉयलर आणला तेव्हा कंपनीच्या माणसांनी एकदाच पेटवून दाखवला होता," ते म्हणाले. "आकडा होता दोनशेनव्वद. कच्च्या कागदावर मी बरोबर लिहिला होता. रात्री जागून फेअर करताना दोन राहून गेला. सही झाली. पुढच्या तुकडीनं माझंच उतरवलं. शिकवायला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण तोवर एवढी पोरं पास होऊन गेली होती. काय सांगणार, आणि कुणाला?"

सर खिडकीकडं बघत होते. "या उन्हाळ्यात माझी नोकरी कायम व्हायची आहे, बिरू. ओरलला बाहेरून जे परीक्षक येणार आहेत, ते निवड समितीतही आहेत." मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "मी तुला काही सांगत नाही. तुला विचारलं तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव." ते मनापासून बोलत होते. त्यांनी मला दटावलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

आप्पा मात्र त्या दिवसापासून ओरलची वाट बघायला लागले. आपल्या पोरानं पुस्तकातली चूक पकडली, असं त्यांनी तात्यांना सांगितल्याचं आईकडून कळलं. पकडली होती त्यांनी, पण सांगताना माझं नाव. हंगाम संपला, भट्ट्या विझल्या, चाळीवरची काजळी थांबली. ओरलच्या आदल्या रविवारी मी घरी होतो, तेव्हा त्यांनी माझ्या पायात घालायला आपले बूट पॉलिश करून दिले. "धुराचं इचारलं तर भिऊ नगंस," ते म्हणाले. "म्हनावं, ह्यो आकडा आमी उतरवलाय, बगितलेला न्हाय. खरा अडीचशेच्या फुडं असनार."

ओरलच्या दिवशी पंखा नुसता गरम वारा ढवळत होता. परीक्षक जाडजूड, घामेजलेले, समोर पोह्यांची रिकामी बशी आणि जर्नलांचा ढीग. शेजारी काळोखे सर. माझा नंबर दुपारनंतर लागला. परीक्षकांनी पानं उलटली, बॉयलरपाशी थांबले आणि न बघताच विचारलं, "फ्ल्यू गॅसचं तापमान किती आलं?" म्हणजे धुराचं. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. माझ्या पायात आप्पांचे बूट होते, एक नंबर मोठे. मी सांगितलं, "नव्वद अंश, सर." परीक्षक म्हणाले, "गुड. एफिशियन्सी?" मी तीही सांगितली. दोन मिनिटांत मी बाहेर होतो.

सरांसाठी मी खोटं बोललो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. त्यात अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की त्या खोलीत बसल्यावर मला फक्त मार्क दिसत होते. ते जावेत असं मला वाटत नव्हतं. सगळ्यांचा आकडा नव्वद असताना माझा एकट्याचा वेगळा असावा याची भीती वाटली. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तर आप्पा भिगवणला जाऊन चिलापी मासे घेऊन आले होते. आईनं लसूण आणि लाल तिखट वाटून कालवण केलं होतं, चाळीच्या टोकापर्यंत वास सुटला होता. सगळे ओळीनं जेवायला बसलो. आप्पांनी पहिला घासही घेतला नव्हता.

"इचारलं का?"

"व्हय."

"काय सांगितलंस?"

"नव्वद चुकीचा हाय म्हनालो. खरा दोनशेनव्वद."

मी ते अगदी नेहमीच्या आवाजात, ओरडून सांगितलं. आप्पांनी आपल्या ताटातला पोटाकडचा तुकडा, काटे नसलेला, उचलून माझ्या ताटात ठेवला. आई म्हणाली, "बगा, म्हनलं न्हवतं मी." तो तुकडा मी खाल्ला. मासे खाताना माणूस मान खाली घालून बसला तरी कुणाला काही वाटत नाही, एवढं बरं असतं.

महिन्या-दीड महिन्यानं मार्कशीट आलं. ओरलला पंचवीसपैकी पंचवीस. मी धावत कारखान्यात गेलो. आप्पा बॉयलरच्या दुरुस्तीवर होते, तोंड काळं, हातात वायरचा ब्रश. मी आकडा ओरडून सांगितला. त्यांनी ब्रश थांबवला, माझ्याकडं बघितलं आणि "बरं" म्हणाले. मग परत नळी घासायला लागले. मला वाटलं, दमलेत. घरी आईनं देवापुढं वाटीत साखर ठेवली, आणि सवयीनं त्या काचेतल्या सर्टिफिकेटपुढंही चार दाणे.

काळोखे सर त्या उन्हाळ्यात कायम झाले. पुढच्या वर्षी त्यांनी आकडा दुरुस्त केला. सगळ्या पोरांनी जर्नलमध्ये दोनशेनव्वद उतरवला. बॉयलर तेव्हाही पेटलेला नव्हता.

मी शिकवायला लागल्यावर जो पहिला नियम केला तो रिकाम्या रकान्याचा. रीडिंग चुकलं, राहिलं, कंटाळा आला, तर रकाना रिकामा सोडा. रिकाम्याचे मार्क कापणार नाही, भरलेला खोटा निघाला तर प्रयोग पुन्हा. या एका नियमासाठी मी किती विभागप्रमुखांशी वाद घातला ते आता आठवतही नाही. तपासणी समितीतल्या एका बाईंनी विचारलं होतं, तुमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत एवढ्या गाळलेल्या जागा का? मी म्हणालो, ती आमची प्रगती आहे. त्यांनी ते विनोद म्हणून घेतलं. आता मुलं फोनवरून एकमेकांना आकडे पाठवतात, एका मिनिटात सगळा वर्ग भरलेला. मी वह्या बघत बसतो आणि मला थकवा येतो. दरवर्षी दोघंतिघं मात्र रकाना रिकामा ठेवून येतात आणि मान खाली घालून सांगतात, सर, बघायचं राहिलं. त्यांचं मी उभं राहून ऐकतो. आणि ज्या माणसानं हे शिकवलं त्याच्याशी मी खोटं बोललोय, हे दरवर्षी तेव्हाच आठवतं.

मागच्या महिन्यात चार दिवस निरवांगीला गेलो. आप्पा पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. कान आता पुरतेच गेलेत. मी आणून दिलेलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून डबीत पडून असतं. दुपारी आम्ही दोघं पडवीत जेवायला बसलो होतो, आई आत भाकरी थापत होती. निवृत्त होणार म्हटल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजी पाळी संपली तुजी." मी व्हय म्हणालो. मग काय झालं कुणास ठाऊक, मी साध्या आवाजात बोलून गेलो, "आप्पा, तवा ओरलला मी खोटं बोललो हुतो."

"आं?"

"ओरलला! खोटं बोललो!"

त्यांनी हात कानामागं नेला. अशी गोष्ट हळूच सांगून मोकळं व्हायची सोय आमच्या घरात कधीच नव्हती. मी सगळा जीव लावून ओरडलो, "नव्वद सांगितलं मी! त्या सायबाला नव्वदच सांगितलं! तुमाला खोटं सांगितलं!" रस्त्यानं जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला. आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.

आप्पांनी घास नीट चावून गिळला. "ठाव हाय की," ते म्हणाले.

"कसं?"

"पंचवीसपैकी पंचवीस म्हनालास. खरं सांगितलं असतंस तर कुनी पुरं मार्क दिलं असतं व्हय?"

मला वायरचा ब्रश आठवला, आणि ते "बरं". म्हणजे त्या क्षणापासून, आणि इतकी वर्षं. "मंग तवाच का बोलला न्हाय?" मी विचारलं. मला वाटतं मी तेही ओरडलोच असेन, कारण त्यांना ते लगेच ऐकू गेलं.

"पाळी तुजी हुती. मी कसा इचारनार? मी आपला हुबा हुतो," आप्पा म्हणाले. त्यांनी आत आईला हाक मारून आणखी चतकोर भाकरी मागितली आणि ती ताटात पडेपर्यंत ते थांबले. "लई उशीर केलास चार्ज द्यायला."